रात्री बदललेले भाव सकाळी जुने कसे होतात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मामांच्या साताऱ्यातल्या कंदी पेढ्यांच्या दुकानासाठी तुम्ही पायथनमध्ये बिलाचा प्रोग्रॅम लिहिलात. त्याच्यासोबत चार फाइली आहेत: दुकानाचा लोगो, मराठी फाँट, भावांची जेसन फाइल (माहिती साध्या मजकुरात ठेवायचा एक साचा) आणि बिलं साठवणारा एसक्यूलाइटचा डेटाबेस. तुमच्या लॅपटॉपवर सगळं ठणठणीत. दुकानातल्या काँप्युटरवर नेलं तर 'फाइल सापडली नाही'. म्हणून पायथनच्या प्रोग्रॅमची एक्झी, म्हणजे डबल क्लिकने चालणारी फाइल, बांधणाऱ्या पायइन्स्टॉलरचा वनफाइल (सगळं एकाच फाइलीत) पर्याय घेऊन चारही फाइली एक्झीच्या पोटात घातल्या. आता लोगो दिसतो, बिल छापलं जातं, पण खवा महागला म्हणून मामांनी रात्री बदललेले भाव सकाळी परत जुनेच, आणि बिलाचा नंबर रोज एकपासून. तुम्ही विचारताय, फाइल आत कशी घालावी म्हणजे बदल टिकतील?

टिकणार नाहीत. आणि टिकवायच्या खटपटीलाही लागू नका, त्यात मी एकदा दोन महिने घालवले आहेत. मी सांगलीत अडत दुकानं, किराणा आणि बेदाण्याची कोल्ड स्टोरेज यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहितो. लोगो हरवण्यापासून हिशोब बुडण्यापर्यंत या प्रकरणातल्या बहुतेक चुका माझ्या हातून झाल्या आहेत, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

तुमची दुखणी दोन आहेत आणि पहिल्याचं औषध तुम्ही दुसऱ्यावर दिलंत. पहिलं दुखणं, 'फाइल सापडली नाही'. प्रोग्रॅममध्ये तुम्ही फाइलीचं नुसतं नाव लिहिलं असणार, पुढेमागे पत्ता काही नाही. असं नुसतं नाव दिलं की विंडोज ती फाइल एक्झीच्या शेजारी शोधत नाही. त्या क्षणी 'चालू फोल्डर' जो असेल तिथे शोधतं. तुम्ही लॅपटॉपवर एडिटरमधून चालवता तेव्हा चालू फोल्डर प्रोजेक्टचाच असतो, म्हणून सापडते. मामा डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवरून उघडतात. त्या शॉर्टकटच्या 'स्टार्ट इन' या रकान्यात जे असेल तो चालू फोल्डर. टास्क शेड्युलरमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालवलं तर बहुधा विंडोजचा सिस्टिम३२ निघतो. म्हणजे फाइल जागेवरच होती, प्रोग्रॅमच भलत्या घराची कडी वाजवत होता. पत्ता पूर्ण दिला असता तर एक्झीत काही घालायची वेळही आली नसती.

दुसरं दुखणं समजायला वनफाइल आत काय करतं ते बघावं लागेल. पायइन्स्टॉलर तुमचा पायथन, त्याच्या लायब्ऱ्या आणि तुम्ही दिलेल्या फाइली यांचं एक गाठोडं बांधतो आणि बूटलोडर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमच्या शेपटीला जोडतो. मामा डबल क्लिक करतात तेव्हा आधी हा बूटलोडर जागा होतो, विंडोजच्या टेंप फोल्डरात 'अंडरस्कोर एम-ई-आय' आणि पुढे काही आकडे अशा नावाचा एक नवा फोल्डर करतो, गाठोडं तिथे सोडतो आणि मग तुमचा प्रोग्रॅम दुसरी प्रोसेस म्हणून चालू करतो. टास्क मॅनेजर उघडून बघा, तुमच्या एक्झीचं नाव दोनदा दिसेल. प्रोग्रॅम बंद झाला की पहिली प्रोसेस तो फोल्डर पुसून टाकते. मामांनी बदललेले भाव इमानेइतबारे फाइलीत लिहिले गेलेच होते, फक्त ती फाइल त्या तात्पुरत्या फोल्डरातली होती. रात्री दुकान बंद केलं, फोल्डर गेला, भाव गेले, दिवसभराची बिलंही गेली. सकाळी गाठोड्यातून तुम्ही बांधताना होती तीच प्रत पुन्हा बाहेर आली.

कधी मध्येच वीज गेली किंवा कोणी टास्क मॅनेजरमधून दोन्ही प्रोसेस मारल्या तर फोल्डर पुसायला कोणी उरत नाही, तो तसाच पडून राहतो. माझ्या एका किराणा दुकानदाराचा सी ड्राइव्ह भरला म्हणून बघायला गेलो तर टेंपमध्ये या फोल्डरांचं अक्षरशः पेव फुटलेलं. त्याच्याकडे यूपीएस नव्हता आणि आमच्याकडे उन्हाळ्यात वीज कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. पण तुमच्यासाठी यात एक आशा आहे: मामांच्या काँप्युटरवर असा एखादा न पुसलेला फोल्डर राहिला असेल तर त्यात त्या दिवसाची बिलं असतील. टेंप साफ करायच्या आधी बघून घ्या.

पेव म्हटलं तर ती आमच्याकडे खरंच आहेत. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी, जमिनीत खोल खणलेली पेवं आहेत. हळद त्यात भरायची, तोंड बंद करून वर माती लिंपायची. आत हवा नाही म्हणून कीड नाही, माल वर्षानुवर्षं राहतो. २००५ च्या पुरात पाणी शिरून त्यातली बरीच गेली, पण हळदीच्या व्यापारात अजून त्यांचं नाव निघतं. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नाही, कोंदलेला वायू आधी जाऊ देतात. रोज सकाळी मूठभर हळद काढून संध्याकाळी मूठभर परत टाकली, असं पेवाचं काम नसतं. रोजच्या उलाढालीला दुकान आणि वही. एक्झीच्या आतली जागा म्हणजे पेव. बांधताना भरलं, लिंपलं, आता वापरणाऱ्याने फक्त काढून घ्यायचं. चालू असलेल्या एक्झीत विंडोज कोणालाही लिहू देत नाही, तुमच्या प्रोग्रॅमला स्वतःलासुद्धा नाही. आणि देत असतं तरी लिहिल्याक्षणी तिची डिजिटल सही (फाइल कोणी बदललेली नाही याची खूण) मोडली असती.

म्हणून कोणती फाइल आत घालायची हे ठरवताना मी एकच विचारतो: ही फाइल बदलणार कोण? मी बदलणार असेन, म्हणजे नवी आवृत्ती काढताना, तर ती आत. दुकानदार बदलणार असेल तर बाहेर. तुमच्या चार फाइलींना हे लावून बघा. लोगो तुम्ही बदलणार, आत. फाँट, आत. बिलांचा डेटाबेस दर पाच मिनिटांनी बदलतो, तो आत असायचं काहीच कारण नाही. तो फाइल म्हणून बांधूच नका, पहिल्यांदा चालवताना प्रोग्रॅमनेच रिकामी टेबलं तयार करावीत. राहिली भावांची जेसन, आणि तीच फसवी आहे, कारण तिला दोन्ही घरं लागतात. सुरुवातीचे भाव, मालाची नावं, किलो की नग हे सगळं तुम्ही भरून दिलेलं आहे, म्हणून एक प्रत पेवात. पण चालू भाव मामांचे, म्हणून दुसरी प्रत बाहेर. प्रोग्रॅम सुरू होताना बाहेर फाइल आहे का बघायचं. नसेल तर आतली प्रत बाहेर ठेवायची. तिथून पुढे वाचायचं-लिहायचं ते फक्त बाहेरच्या प्रतीत. आमच्या अडत दुकानांत हमाली-तोलाईचे दर असेच असतात. पहिल्यांदा मी ते थेट कोडमध्ये लिहिले होते, आणि दर बदलले की यार्डातली डझनभर दुकानं फिरून नवी एक्झी टाकत बसायचो. बायको म्हणायची, हमाली तुलाच द्यायला हवी.

आता पायथनमध्ये हे कसं लिहायचं. दोन फंक्शन करा आणि सगळ्या प्रोग्रॅममध्ये फाइलीचा पत्ता फक्त त्या दोघांकडून घ्या. एकाचं नाव मी 'पेव' ठेवतो, दुसऱ्याचं 'वही'.

'पेव' हे फंक्शन आतल्या फाइलीचा पत्ता देतं. पायइन्स्टॉलर चालताना सिस मॉड्यूलमध्ये 'अंडरस्कोर-एमईआय-पास' नावाची एक गोष्ट ठेवतो, तिच्यात त्या तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता असतो. बरेच जण ती असेल तर हा पत्ता, नसेल तर तो, अशी शिडी लिहितात. त्याची गरज नाही. तुमच्या पायथन फाइलीच्या 'डबल-अंडरस्कोर फाइल' मधून तिचा फोल्डर काढा आणि त्याच्यापुढे लोगोचं नाव जोडा. पायइन्स्टॉलर हा पत्ता बांधलेल्या प्रोग्रॅममध्येही बरोबर लावून देतो, त्यामुळे लॅपटॉपवर आणि दुकानात एकच ओळ चालते. मात्र बांधताना फाइल योग्य फोल्डरात पडली पाहिजे. ॲड-डेटा पर्यायाचे दोन भाग असतात. पहिला भाग फाइलीचा आजचा पत्ता, दुसरा भाग आतल्या फोल्डरचं नाव. दुसऱ्या भागात फाइलीचंच नाव पुन्हा लिहिलंत तर लोगोच्या नावाचा एक फोल्डर तयार होतो आणि त्याच्या आत लोगो जाऊन बसतो. मग प्रोग्रॅम म्हणतो फाइल नाही, आणि तुम्ही म्हणता आहे की! ही चूक मी शिकवलेल्या प्रत्येक मुलाने केली आहे.

'वही' हे फंक्शन बाहेरच्या फोल्डरचा पत्ता देतं. इथे मोह होतो एक्झीच्या शेजारीच फाइल ठेवायचा. सिस डॉट एक्झिक्युटेबलमधून एक्झीचा पत्ता मिळतोही. पण लॅपटॉपवर नुसता पायथन चालवताना तीच ओळ पायथनच्या स्वतःच्या एक्झीचा पत्ता देते, आणि तुमचे पेढ्यांचे भाव पायथनच्या इन्स्टॉलेशनमध्ये जाऊन पडतात. शिवाय प्रोग्रॅम उद्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसवलात तर तिथे साध्या वापरकर्त्याला लिहायची परवानगीच नसते. काही जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमांच्या बाबतीत विंडोज आणखी गंमत करतं: लिहिल्यासारखं दाखवतं आणि गुपचूप फाइल वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात नेऊन ठेवतं. मग आपण प्रोग्रॅम फाइल्समधली फाइल उघडतो तर ती जुनीच. व्हिस्टापासून हे चालू आहे आणि त्याने माझी एक अख्खी दिवाळी खाल्ली आहे.

म्हणून वहीसाठी लोकल-ॲप-डेटा या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (विंडोज प्रत्येक लॉगिनसाठी ठेवतं ती नोंद) पत्ता घ्या आणि त्यात दुकानाच्या नावाचा फोल्डर करा. अट एकच, मामा आणि गल्ल्यावरचा माणूस एकाच विंडोज लॉगिनने बसत असले पाहिजेत. लॉगिन वेगळी असतील तर दोघांना दोन वेगळ्या वह्या मिळतील आणि बिलांचे नंबर भांडतील. तसं असेल तर प्रोग्रॅमडेटा फोल्डर वापरा, पण तिथे एकाने तयार केलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही, ती परवानगी इन्स्टॉलरने द्यावी लागते.

भाव लिहिताना थेट फाइलीवर लिहू नका. शेजारी नव्या नावाने पूर्ण फाइल लिहा, फ्लश आणि एफसिंकने ती खरंच डिस्कवर उतरवा, बंद करा, आणि मग ओएस मॉड्यूलमधल्या रिप्लेसने जुन्याच्या जागी ठेवा. वीज गेली तर एक तर जुनी फाइल राहील किंवा नवी; अर्धवट जेसन राहणार नाही.

नवी आवृत्ती द्याल तेव्हाचा घोळ आत्ताच टाळा. समजा पुढच्या आवृत्तीत तुम्ही 'साखर नसलेले पेढे' असा माल वाढवलात. आतल्या प्रतीत तो आहे, बाहेरच्या नाही, आणि बाहेरची असल्यामुळे आतली कधी वाचलीच जात नाही. मामांचा फोन येणार, नवीन माल दिसत नाही म्हणून. तेव्हा घाईने आतली प्रत वर टाकलीत तर मामांचे भाव गेले. दोन्ही वाचा, बाहेर जे नाही तेवढंच आतून घ्या, बाहेर जे आहे त्याला हात लावू नका. जेसनमध्ये एक आवृत्ती क्रमांक ठेवला की हे कधी करायचं ते कळतं.

एसक्यूलाइटबद्दल एक प्रश्न तुम्ही नंतर विचारालच, म्हणून आधीच सांगतो. त्याला डिस्कवरची खरी फाइल लागते आणि शेजारी जर्नलची, म्हणजे अर्धवट राहिलेलं लिहिणं सावरायच्या नोंदींची, फाइल लिहायला जागा लागते. म्हणून जिवंत डेटाबेस नेहमी वहीच्या फोल्डरात. फक्त वाचायचा डेटाबेस, समजा पिनकोडांची यादी, आत ठेवायचा असेल तर ठेवा, पायथन ३.११ पासून कनेक्शनवर डीसिरिअलाइज आहे, त्याने बाइट्समधून थेट मेमरीत उघडता येतो.

मराठीचे दोन काटे. जेसन उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. विंडोजवर पायथन तसं न सांगता उघडलं तर ३.१४ पर्यंतच्या आवृत्त्यांत विंडोजचं कोडपेज (जुनी अक्षरसारणी) धरतो, आणि 'कंदी पेढे' च्या जागी किडे-मुंग्या दिसतात किंवा प्रोग्रॅम जागच्या जागी पडतो. दुसरा काटा फाँटचा. फाइल एक्झीच्या आत घातली म्हणून विंडोजला तो फाँट कळत नाही. खिडकीत वापरायचा असेल तर विंडोजच्या ॲड-फाँट-रिसोर्स-एक्स या फंक्शनला पेवातला पत्ता आणि प्रायव्हेट हा फ्लॅग द्यायचा. मग फाँट फक्त तुमच्या प्रोग्रॅमपुरता चालतो, मामांच्या काँप्युटरवर बसवावा लागत नाही. पीडीएफ काढत असाल तर नुसता फाँट देऊन भागणार नाही. 'किलो' मधली वेलांटी युनिकोडमध्ये क नंतर साठवलेली असते आणि दिसायला मात्र क च्या आधी हवी. ही जोडणी करणारं इंजिन नसलं की वेलांटी ल च्या गळ्यात पडते. एफपीडीएफ२ या पायथनच्या पीडीएफ लायब्ररीत टेक्स्ट शेपिंग चालू करता येतं, आत हार्फबझ हे काम करतं. आणि फाँट कोणता घालताय त्याचा परवाना बघा. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी ओपन फाँट लायसन्सखाली आहेत, परवान्याची फाइलही सोबत ठेवली की झालं. विंडोजमधला मंगल उचलून आपल्या प्रोग्रॅमसोबत वाटणं हे त्यात बसत नाही. विंडोज १० पासून तो बसवलेला असेलच असंही नाही, असेल तर नावाने मागा.

आता वनफाइलच हवी का? दुकानासाठी माझं मत नाही असं आहे. प्रत्येक वेळी गाठोडं सोडायचं म्हणजे जुन्या हार्ड डिस्कवर गिऱ्हाईक समोर उभं असताना पाच-दहा सेकंद नुसतं बघत बसायचं. मामा तेवढ्यात दुसऱ्यांदा डबल क्लिक करतात, मग दोन खिडक्या. वर अँटिव्हायरसची कटकट: पायइन्स्टॉलरचा तयार बूटलोडर जगभर सारखाच असतो, व्हायरस लिहिणारेही तोच वापरतात, त्यामुळे तुमची निरपराध एक्झीही संशयित म्हणून उचलली जाते. यूपीएक्सने आवळली तर संशय वाढतो. त्यापेक्षा वनडिर पर्याय घ्या. त्यात फाइली एका फोल्डरात मोकळ्या राहतात (आवृत्ती ६ पासून एक्झीशेजारच्या 'इंटर्नल' नावाच्या फोल्डरात), काही सोडायचं-पुसायचं नसतं, प्रोग्रॅम पटकन उघडतो. तो अख्खा फोल्डर इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनाने बांधा. मामांना एकच सेटअप फाइल मिळते, शॉर्टकट मिळतो, 'स्टार्ट इन' बरोबर लागतो. एकच फाइल द्यायचं समाधान तुम्हालाही मिळतं. वनफाइल मी ठेवतो ती फिरतीच्या कामासाठी, पेनड्राइव्हवरून एकदा चालवायची छोटी हत्यारं.

एक्झीच्या शेपटीला काहीही जोडलं तरी ती चालते कशी, हे बऱ्याच जणांना जादू वाटते. विंडोज एक्झी वाचताना सुरुवातीच्या मथळ्यात लिहिलेले विभाग तेवढे मेमरीत घेतं, त्यानंतर काय पडलंय ते बघत नाही. झिप फाइलीची अनुक्रमणिका याच्या उलट शेवटी असते, ती मागून पुढे वाचतात. त्यामुळे एक्झीमागे झिप चिकटवली तर विंडोजला ती एक्झी दिसते आणि झिप उघडणाऱ्याला झिप. स्वतः उघडणाऱ्या झिप फाइली याच युक्तीवर चालतात. फक्त क्रम सांभाळा. आधी चिकटवा, मग सही करा. सही केल्यावर मागे एक बाइट जरी जोडलात तरी विंडोज ती सही मानत नाही.

पायथन सोडून दुसऱ्या भाषेत गेलात तर ही शेपटी लागतच नाही, फाइल प्रोग्रॅमच्या डेटा विभागातच शिरते. विंडोजची जुनी पद्धत रिसोर्स फाइलची: आरसी फाइलीत आरसी-डेटा म्हणून नाव द्यायचं आणि फाइंड-रिसोर्स, लोड-रिसोर्स, लॉक-रिसोर्स या क्रमाने पॉइंटर घ्यायचा, डेल्फीवाले आम्ही पंधरा वर्षं हेच करत होतो. सीमध्ये विम एडिटरसोबत येणाऱ्या एक्सएक्सडीला आय पर्याय दिला की कोणत्याही फाइलीचं बाइट-ॲरे करून मिळतं. लहान फाइलीला उत्तम, पण काही एमबीचा फाँट दिलात तर कंपायलर घाम गाळतो. त्यावर लिंकरकडून थेट ऑब्जेक्ट फाइल करून घेता येते, तिथे सुरुवात, शेवट आणि आकार अशी तीन चिन्हं मिळतात. यातला आकार हा व्हेरिएबलमधली किंमत नसून त्याचा पत्ताच असतो; ते न कळल्यामुळे मी एक रात्र जागलो आहे. सी२३ या सीच्या नव्या प्रमाण आवृत्तीत शेवटी फाइल थेट आत घेणारं हॅश-एम्बेड आलं, जीसीसी १५ आणि क्लँग १९ हे कंपायलर ते समजतात. रस्टमध्ये इन्क्लूड-बाइट्स आहे, एका ओळीचं काम.

गो ही भाषा मला सर्वांत आवडते. १.१६ आवृत्तीपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२१ पासून, एम्बेड पॅकेज भाषेसोबतच येतं. व्हेरिएबलच्या वर एक कॉमेंटसारखी ओळ लिहिली की अख्खा फोल्डर आत, टेंपमध्ये काही न सोडता. तीन गोष्टी अडवतात: पत्ता वरच्या फोल्डरात जाऊ शकत नाही, विंडोजवरही तिरकी रेघ पुढे झुकणारीच लागते, आणि फोल्डर दिला तर बिंदूने किंवा अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या फाइली वगळल्या जातात. आत गेलेलं फक्त वाचता येतं, तिथे लिहायचं फंक्शनच नाही. म्हणजे तुमची चूक गोमध्ये करताच आली नसती. डॉटनेटमध्ये सिंगल-फाइल प्रकाशन २०१९ मध्ये ३.० सोबत आलं तेव्हा तेही टेंपमध्ये सोडायचं, पाचव्या आवृत्तीपासून बहुतांशी मेमरीतूनच चालतं.

पासवर्ड, बँकेची की, एसएमएस पाठवायचं टोकन यातलं काहीही आत घालू नका. पेवावर माती लिंपली म्हणून ते तिजोरी होत नाही. पायइन्स्टॉलरची गाठोडी सोडणारं साधन कोणालाही फुकट मिळतं, आणि बाकी एक्झींतली अक्षरं वाचायला स्ट्रिंग्ज नावाचं साधं साधन पुरतं.

आता जे घडलं त्यामुळे मी ही सगळी शिस्त लावून घेतली ते. ऑगस्ट २०१९ चा महापूर. मारुती चौकाकडच्या माझ्या एका गिऱ्हाइकाचं दुकान पाण्याखाली गेलं, काँप्युटरसकट. पाणी ओसरल्यावर ते माझ्याकडे आले ते हसतच. खिशातून पेनड्राइव्ह काढला, म्हणाले, "दुकान गेलं, पण हिशोब वाचवलाय. पाणी चढायच्या आधी तुमची फाइल कॉपी करून घेतली." पेनड्राइव्हवर माझी एक्झी होती. फक्त एक्झी. त्यांच्या खात्यांचा डेटाबेस लोकल-ॲप-डेटामध्ये होता, गाळात बसलेल्या डिस्कवर. मी तांत्रिकदृष्ट्या सगळं बरोबर केलं होतं, फाइल योग्य जागी ठेवली होती. पण "एकच फाइल आहे, कुठेही न्या, चालते" असं प्रोग्रॅम देताना कौतुकाने मीच सांगितलं होतं. त्यांनी शब्दाला शब्द ऐकलं. डिस्क पुण्याला पाठवली, निम्मीअर्धी खाती परत आली, उरलेली उधारी लोकांच्या सचोटीवर. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या पहिल्या पडद्यावर खाली 'हिशोब इथे आहे' असं लिहून वहीच्या फोल्डरचा पत्ता असतो, त्यावर क्लिक केलं की तो उघडतो. आणि बंद करताना एक बटण: पेनड्राइव्ह लावला असेल तर डेटाबेसची प्रत आणि भावांची फाइल तारखेच्या नावाने त्यावर जाते. चालू डेटाबेस नुसता कॉपी करू नका, लिहिणं चालू असताना अर्धवट प्रत मिळू शकते. पायथनच्या एसक्यूलाइट कनेक्शनवर बॅकअप नावाचं फंक्शन आहे, ते वापरा. तुमच्यासाठी हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. नवी आवृत्ती मामांना द्याल त्याच्यासोबत हेही द्या, पुढच्या वेळी म्हणू नका.

देण्याआधी तपासायचं ते असं. ज्याच्यावर पायथन कधीच बसवलेला नाही असा काँप्युटर मिळवा, तुमच्या लॅपटॉपवरची तपासणी धरू नका. ॲडमिन नसलेल्या लॉगिनने बसवा. लॅपटॉपवर चालवून बघायचंच असेल तर आधी प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरचं नाव बदलून ठेवा, कारण चुकून एखादा पत्ता तुमच्या लॅपटॉपचाच राहिला असेल तर तो तिथेच उघडा पडतो. कमांड खिडकीतून भलत्याच फोल्डरात उभं राहून पूर्ण पत्ता देऊन चालवा. भाव बदला, प्लग ओढून काढा, पुन्हा चालू करा. आणि विंडोजमध्ये 'मामा' असं देवनागरी नावाचं एक लॉगिन करून त्यातून एकदा चालवा. लोकल-ॲप-डेटाच्या पत्त्यात मग देवनागरी अक्षरं येतात, आणि माझ्या दोन प्रोग्रॅमांनी नेमका तिथेच श्वास सोडला होता.